फौजदारी खटल्यात दोषी ठरल्यानंतर: निकालपत्रात न लिहिलेले परिणाम कसे तपासावेत

फौजदारी खटल्याच्या निकालपत्राच्या शेवटच्या पानावर शिक्षा लिहिलेली असते: इतका कारावास, इतका दंड, आणि दंड न भरल्यास आणखी इतक्या दिवसांचा कारावास. आरोपी आणि त्याच्या घरची माणसे बहुतेक वेळा तेवढेच वाचतात. नोकरी राहील की जाईल, निवडणूक लढवता येईल का, पासपोर्ट मिळेल का, कंपनीचे संचालकपद टिकेल का, या प्रश्नांची उत्तरे मात्र त्या पानावर नसतात. ती वेगवेगळ्या कायद्यांत विखुरलेली आहेत, प्रत्येक कायद्याची मोजपट्टी वेगळी आहे, आणि शिक्षा सुनावणारे न्यायालय ती सहसा समजावून सांगत नाही. म्हणून हे परिणाम स्वतःच, एकेक करून, तपासावे लागतात. ते कोणत्या क्रमाने तपासावेत हे या लेखात भारतातील, आणि जेथे राज्याचा कायदा लागतो तेथे महाराष्ट्रातील, तरतुदींच्या आधारे सांगितले आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या असल्यामुळे कलमांचे क्रमांक नव्या कायद्यांप्रमाणे दिले आहेत. त्यापूर्वी घडलेल्या गुन्ह्यांच्या निकालपत्रांत जुन्या भारतीय दंड संहितेची कलमे दिसतील.

पहिली पायरी: झाली ती दोषसिद्धीच आहे का, हे पाहा

पोलिसांत गुन्हा दाखल होणे, अटक होणे किंवा दोषारोपपत्र दाखल होणे म्हणजे दोषसिद्धी नव्हे. पुराव्याअभावी आरोपमुक्त झालेला किंवा संशयाचा फायदा मिळून निर्दोष सुटलेला माणूसही दोषी ठरलेला नसतो. फिर्यादीशी तडजोड होऊन खटला मिटला असेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 359 नुसार त्या तडजोडीचा परिणाम निर्दोष मुक्ततेसारखाच होतो. वाहतुकीच्या चलनाची रक्कम मोटार वाहन कायद्याच्या कलम 200 खाली तडजोड शुल्क म्हणून भरली असेल, तर तीही दोषसिद्धी होत नाही.

याउलट, ज्याला लोक शिक्षा समजतच नाहीत अशा काही गोष्टी दोषसिद्धीत मोडतात. न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर गुन्हा कबूल करून शंभर-दोनशे रुपये दंड भरणे ही दोषसिद्धी आहे. ‘न्यायालय उठेपर्यंत बसून राहण्याची’ शिक्षा हीसुद्धा दोषसिद्धीनंतरचीच शिक्षा आहे. नव्या न्याय संहितेने सामुदायिक सेवा हा शिक्षेचा प्रकार आणला असून, पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची चोरी पहिल्यांदाच सिद्ध झाली आणि आरोपीने ती वस्तू किंवा तिची किंमत परत केली तर हीच शिक्षा द्यावी असे कलम 303 सांगते. तुरुंग टळला म्हणून हायसे वाटणे स्वाभाविक आहे, पण नोंद चोरीच्या गुन्ह्यात दोषी ठरल्याचीच होते.

दुसरी पायरी: खटला अजून चालू असेल तर कबुलीपूर्वी थांबा

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे, कारण बाकीचे बहुतेक उपाय दोषसिद्धीनंतरचे आणि खर्चिक आहेत. किरकोळ प्रकरणांत तारखांचा कंटाळा येतो, वकिलाची फी परवडत नाही, आणि कोणीतरी सुचवते की कबूल करून टाका, दंड भरा, मोकळे व्हा. हा सल्ला दरवेळी चुकीचा असतो असे नाही, पण तो देणाऱ्याने आरोपीचा व्यवसाय काय, तो कोणत्या भरतीची तयारी करतो आहे, हे क्वचितच विचारलेले असते.

1996 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलेले ‘पवन कुमार विरुद्ध हरियाणा राज्य’ हे प्रकरण येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. सार्वजनिक ठिकाणी अश्लील वर्तनाच्या कलमाखाली संक्षिप्त खटल्यात गुन्हा कबूल करून त्या तरुणाने 20 रुपये दंड भरला होता, आणि त्या दोषसिद्धीमुळे त्याची सरकारी नोकरी गेली. सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, आणि दोन हजार रुपयांपर्यंतच्या दंडाच्या किरकोळ शिक्षांमुळे कोणाची नोकरी जाऊ नये यासाठी संसदेने पावले उचलावीत, असे मतही व्यक्त केले. मात्र वीस रुपयांच्या दंडासाठी त्याला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, हेही विसरता येत नाही.

म्हणून कबुली देण्यापूर्वी वकिलाला तीन प्रश्न स्पष्ट विचारावेत. हा गुन्हा तडजोडयोग्य आहे का? धनादेश न वटल्याच्या खटल्यात परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 147 मुळे तडजोड करता येते, आणि न्यायालयाच्या परवानगीने अपिलाच्या टप्प्यावरही ती होऊ शकते. दुसरा प्रश्न, दोषी ठरल्यास परिवीक्षेचा, म्हणजे तुरुंगात न पाठवता समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याचा, लाभ मागता येईल का? तिसरा, कबुलीनंतर अपिलाची वाट कितपत उरेल? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कठोर आहे: गुन्हा कबूल केल्यावर दोषसिद्धीविरुद्ध अपील करता येत नाही, शिक्षा किती आणि कायदेशीर आहे की नाही एवढ्यापुरतेच, तेही काही प्रकरणांत, दाद मागता येते.

वकील परवडत नसेल तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीत असलेल्या व्यक्ती उत्पन्नाची अट न लागता मोफत सहाय्यास पात्र आहेत. इतर बहुतेकांना उत्पन्नाच्या मर्यादेनुसार ते मिळते.

तिसरी पायरी: निकालपत्राची प्रत घ्या आणि चार गोष्टी टिपून ठेवा

कारावासाची शिक्षा झाली असेल तर निकालाची प्रत आरोपीला तत्काळ आणि विनामूल्य मिळाली पाहिजे, असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 404 सांगते. अपिलाची मुदत सर्वसाधारणपणे उच्च न्यायालयात 60 दिवस आणि अन्य न्यायालयात 30 दिवस असते, त्यामुळे प्रत नंतर घेऊ म्हणून दिवस घालवू नयेत.

प्रत हाती आली की कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली दोषी ठरवले, शिक्षा नेमकी किती सुनावली, निकालाची तारीख कोणती, आणि परिवीक्षेचा आदेश आहे का, हे चार तपशील वेगळ्या कागदावर लिहून काढावेत. पुढील जवळजवळ प्रत्येक अपात्रता यांवरच ठरते.

शिक्षेच्या कालावधीबाबत एक गैरसमज हमखास आढळतो. बहुतेक कायदे ‘सुनावलेली’ शिक्षा पाहतात. त्या कलमात जास्तीत जास्त किती शिक्षा होऊ शकते किंवा प्रत्यक्षात किती दिवस तुरुंगात काढले, हे पाहत नाहीत. शासनाने शिक्षेत सूट दिल्यामुळे माणूस लवकर सुटला, तरी न्यायालयाने सुनावलेला आकडा तोच राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्येच ‘सरतचंद्र राभा’ प्रकरणात स्पष्ट केले आहे. एकाच खटल्यात अनेक कलमांखाली शिक्षा झाली आणि त्या एकामागून एक भोगायच्या असतील, तर निवडणुकीच्या अपात्रतेसाठी त्यांची बेरीज धरली जाते, असे 2005 च्या ‘के. प्रभाकरन’ निकालात घटनापीठाने ठरवले. त्यामुळे ‘शिक्षा एकत्रित (म्हणजे एकाच वेळी) भोगाव्यात’ हे वाक्य निकालपत्रात आहे की नाही, हे डोळ्यांत तेल घालून पाहावे.

चौथी पायरी: गुन्ह्यात ‘नैतिक अधःपतन’ आहे का, याचा अंदाज घ्या

पासपोर्ट, बँक, वकिली, शस्त्रपरवाना अशा अनेक कायद्यांत ‘नैतिक अधःपतनाचा समावेश असलेला गुन्हा’ असे शब्द येतात, पण त्याची सर्वांना लागू होणारी व्याख्या कोणत्याही कायद्यात दिलेली नाही. न्यायालये गुन्ह्याचे स्वरूप, हेतू आणि परिस्थिती पाहून निर्णय देतात. चोरी, फसवणूक, अपहार, खोटे दस्तऐवज तयार करणे, लाचखोरी आणि लैंगिक अत्याचार हे गुन्हे या कक्षेत धरले जातात. अचानक झालेल्या भांडणातील साधी मारहाण किंवा निष्काळजीपणे वाहन चालवण्याचा गुन्हा सहसा धरला जात नाही. मधला पट्टा मोठा आणि धूसर आहे. अशा प्रकरणात कार्यालयातील लिपिकाचे तोंडी मत अंतिम मानू नये. लेखी, कारणांसह आदेश मागावा, म्हणजे त्याला आव्हान देता येते.

पाचवी पायरी: आपल्या उपजीविकेचा कायदा शोधा

सरकारी सेवेत असलेल्यांसाठी संविधानाच्या अनुच्छेद 311 ची एक तरतूद निर्णायक आहे. एरवी बडतर्फीपूर्वी विभागीय चौकशी आवश्यक असते; परंतु ज्या वर्तनामुळे फौजदारी न्यायालयाने दोषी ठरवले, त्या वर्तनावरून बडतर्फ करायचे असेल तर चौकशीची गरज उरत नाही. महाराष्ट्राच्या कर्मचाऱ्यांना 1979 चे शिस्त व अपील नियम लागू होतात, आणि 48 तासांहून अधिक काळ कोठडीत राहिल्यास निलंबन झाल्याचे मानले जाते. तरीही दोषसिद्धी झाली की बडतर्फी आपोआप होते, असे नाही. अधिकाऱ्याने वर्तनाचे गांभीर्य पाहून शिक्षा ठरवायची असते. 1985 च्या ‘शंकर दास’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उदाहरणादाखल म्हटले की, स्कूटर मनाई असलेल्या जागी उभी केल्याबद्दल दोषी ठरलेल्या कर्मचाऱ्याला काही कोणी बडतर्फ करू नये. निवृत्त कर्मचाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये, कारण निवृत्तिवेतन चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर असते आणि गंभीर गुन्ह्यातील दोषसिद्धीनंतर ते पूर्णतः किंवा अंशतः रोखता येते.

नव्याने नोकरी शोधणाऱ्यांसाठी खरा धोका वेगळाच असतो. भरतीच्या वेळी उमेदवाराने स्वतःविषयी माहिती भरून द्यायच्या साक्षांकन नमुन्यात गुन्हा, अटक, खटला, दोषसिद्धी यांविषयी जे प्रश्न असतात, त्यांना खोटे उत्तर देणे हे मूळ गुन्ह्यापेक्षाही महागात पडू शकते. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये ‘अवतार सिंग’ निकालात याविषयीची तत्त्वे एकत्र मांडली: माहिती खरी द्यावी, किरकोळ प्रकरण, उदाहरणार्थ तरुण वयात घोषणा दिल्याचा गुन्हा, लपवले गेले तर नियोक्ता ते विवेकाने माफ करू शकतो, आणि खरी माहिती दिली तरी उमेदवाराला नेमलेच पाहिजे असे बंधन नियोक्त्यावर नाही. नमुन्यात जेवढे विचारले आहे तेवढे, तारीख आणि खटला क्रमांकासह, लिहावे आणि भरलेल्या नमुन्याची छायाप्रत जवळ ठेवावी.

खासगी क्षेत्रात एकच एक नियम नाही, पण काही पेशे कायद्यानेच बंद होतात. बँकिंग नियमन अधिनियमाचे कलम 10 नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कधीही दोषी ठरलेल्या व्यक्तीला बँकेच्या नोकरीत ठेवण्यास मनाई करते, आणि त्याला काळाची मर्यादा नाही. कंपनी कायद्याच्या कलम 164 नुसार सहा महिने किंवा अधिक कारावास झाल्यास शिक्षा संपल्यापासून पाच वर्षे संचालक होता येत नाही, आणि सात वर्षे किंवा अधिक शिक्षा झाल्यास कधीच होता येत नाही. येथे गुन्ह्यात नैतिक अधःपतन असणे आवश्यक नाही. वकिलीची सनद नव्याने घेणाऱ्याला नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यानंतर सुटकेपासून दोन वर्षे थांबावे लागते, मात्र परिवीक्षेचा लाभ मिळालेल्यांना ही अट लागत नाही.

सहावी पायरी: मतदान आणि निवडणूक यांचे नियम वेगळे ठेवा

दोषी ठरला म्हणून मतदानाचा हक्क कायमचा जात नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 च्या कलम 62 नुसार तुरुंगात किंवा पोलिसांच्या कोठडीत असेपर्यंत मतदान करता येत नाही, पण मतदारयादीतील नाव कायम राहते आणि सुटकेनंतर मतदान करता येते. (निवडणुकीशी संबंधित काही गुन्ह्यांत मात्र सहा वर्षांसाठी मताधिकारच जातो.) या तरतुदीचा परिणाम असा की, दोषी ठरून अपिलात जामिनावर असलेला माणूस मतदान करतो, आणि अजून दोषी न ठरलेला कच्चा कैदी करू शकत नाही. ही विसंगती मला समर्थनीय वाटत नाही, पण कायदा आज असाच आहे.

निवडणूक लढवण्याचा नियम याहून कडक आहे. त्याच कायद्याच्या कलम 8 मध्ये काही गुन्ह्यांची यादी असून त्यांत नुसता दंड झाला तरी सहा वर्षांची अपात्रता येते. यादीबाहेरच्या कोणत्याही गुन्ह्यात दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झाल्यास निकालाच्या तारखेपासून आणि सुटकेनंतर आणखी सहा वर्षे विधानसभा किंवा लोकसभा लढवता येत नाही. विद्यमान सदस्यांना अपिलासाठी मिळणारे तीन महिन्यांचे संरक्षण 10 जुलै 2013 च्या ‘लिली थॉमस’ निकालाने रद्द झाले.

गावपातळीवर दोन वर्षांचा आकडा धरून बसू नये. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम 14 सहा महिन्यांच्या कारावासावरच अडवते, आणि सुटकेपासून पाच वर्षे सदस्य होता येत नाही. अस्पृश्यताविरोधी किंवा दारूबंदी कायद्याखाली दोषी ठरलेल्यांना तर कारावासाची ही अटही लागत नाही. सहकारी संस्था, नगरपालिका आणि जिल्हा परिषद यांचे कायदे स्वतंत्र आहेत, तेव्हा ज्या निवडणुकीचा अर्ज भरायचा तिचाच कायदा उघडावा.

सातवी पायरी: पासपोर्ट, परदेशप्रवास आणि शस्त्रपरवाना

नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झाली असेल, तर अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत झालेल्या अशा दोषसिद्धीमुळे पासपोर्ट नाकारला जातो. हातात असलेला पासपोर्टही जप्त होऊ शकतो. त्याहून कमी शिक्षेत हे कारण लागू होत नाही. अपील प्रलंबित असेल तर न्यायालयाची परवानगी घेऊन ठेवणे शहाणपणाचे. पासपोर्ट मिळाला म्हणजे व्हिसा मिळेलच असे नाही. अनेक देश जुन्या दोषसिद्धीविषयी विचारतात आणि ते त्यांच्या कायद्याने निर्णय घेतात.

हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कितीही दिवसांचा कारावास झाला तरी शिक्षा संपल्यापासून पाच वर्षे बंदूक बाळगता येत नाही.

आठवी पायरी: घर आणि मालमत्ता

बहुतेक नागरी हक्क शाबूत राहतात. मालमत्ता घेणे, विकणे, वारसाहक्क मिळणे, विवाह करणे यांवर दोषसिद्धीने सरसकट बंदी येत नाही. अपवाद ठळक आहे: हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम 25 नुसार ज्याचा खून केला किंवा ज्याच्या खुनास साहाय्य केले, त्याची मालमत्ता वारसाने मिळत नाही. जोडीदार सात वर्षे किंवा अधिक मुदतीची शिक्षा भोगत असणे हे विशेष विवाह अधिनियमाखाली घटस्फोटाचे कारण ठरते. 1939 च्या मुस्लिम विवाह विच्छेद अधिनियमात पतीच्या सात वर्षांच्या शिक्षेबाबत पत्नीला असाच हक्क असून, तो शिक्षा अंतिम झाल्यावर वापरता येतो.

नववी पायरी: परिणाम कमी करण्याचे मार्ग

अपील करताना ‘शिक्षेला स्थगिती’ आणि ‘दोषसिद्धीला स्थगिती’ यांतील फरक वकिलाकडून नीट समजून घ्यावा. शिक्षेला स्थगिती मिळाली की तुरुंगात जावे लागत नाही, पण दोषी ठरल्याची नोंद आणि तिच्यामुळे येणारी अपात्रता चालूच राहते. मार्च 2023 मध्ये सुरतच्या न्यायालयाने राहुल गांधी यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली आणि अपिलासाठी तिला लगेच स्थगितीही दिली. तरी दुसऱ्याच दिवशी त्यांची खासदारकी रद्द झाल्याची अधिसूचना निघाली, आणि सर्वोच्च न्यायालयाने 4 ऑगस्ट रोजी दोषसिद्धीलाच स्थगिती दिल्यानंतर ती परत मिळाली. 1995 च्या ‘रामा नारंग’ निकालानुसार अशी स्थगिती अर्जात स्पष्टपणे मागावी लागते आणि ती न मिळाल्यास नेमके कोणते नुकसान होईल हे मांडावे लागते. भ्रष्टाचाराच्या प्रकरणांत ती सहजासहजी मिळत नाही. संचालकपदाच्या बाबतीत तर केवळ अपील दाखल केल्याने अपात्रता थांबत नाही, हे कंपनी कायद्यातच लिहिले आहे.

दुसरा मार्ग अपराधी परिवीक्षा अधिनियम, 1958 चा. न्यायालयाने कलम 3 खाली समज देऊन किंवा कलम 4 खाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडले, तर कलम 12 मुळे दोषसिद्धीला जोडलेली कायदेशीर अपात्रता लागत नाही. मात्र दोषसिद्धी पुसली जात नाही, आणि मूळ वर्तनावरून खात्याने केलेली कारवाई या कलमाने अडत नाही. वर उल्लेखिलेल्या शंकर दास यांना हेच सांगण्यात आले होते, त्यांची नोकरी वाचली ती बडतर्फी अवाजवी ठरली म्हणून. हा लाभ शिक्षा सुनावण्याच्या वेळी मागायचा असतो, आणि मागितलाच नाही असे पुष्कळदा घडते.

गुन्ह्याच्या वेळी वय 18 पेक्षा कमी होते का, हेही तपासावे. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 24 नुसार बालकाला दोषी ठरल्यामुळे अपात्रता येत नाही आणि नोंदी नष्ट करायच्या असतात. सोळा वर्षांवरील ज्या मुलांवर बाल न्यायालयात प्रौढाप्रमाणे खटला चालला, त्यांचा अपवाद आहे.

प्रौढांसाठी ठराविक वर्षांनी नोंद पुसून टाकणारा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. उलट, 2022 च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियमानुसार बोटांचे ठसे आणि इतर मोजमापे 75 वर्षे जतन केली जातात. दुसऱ्यांदा खटल्यात अडकल्यास जुनी दोषसिद्धी पुन्हा समोर येते: काही गुन्ह्यांत शिक्षा वाढते, जामीन अवघड होतो, आणि कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ कोठडीत काढलेल्या कच्च्या कैद्याला जामिनाची जी सवलत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 ने दिली आहे, ती पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्यांनाच मिळते. काही गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांना महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 57 खाली दोन वर्षांपर्यंत तडीपारही करता येते.

दहावी पायरी: कागदपत्रांची संचिका

निकालपत्राची आणि अपिलाच्या प्रत्येक आदेशाची प्रमाणित प्रत, दंड भरल्याची पावती, तुरुंगातून सुटल्याचा दाखला आणि परिवीक्षेची मुदत पूर्ण झाल्याची नोंद एकत्र ठेवावी. वर सांगितलेल्या मुदती कधी निकालाच्या, कधी सुटकेच्या, तर कधी शिक्षा संपल्याच्या तारखेपासून मोजल्या जातात आणि त्या तारखा दाखवण्याची जबाबदारी शेवटी अर्जदारावरच येते. किरकोळ खटल्यांची कागदपत्रे न्यायालये ठराविक काळानंतर नियमांनुसार नष्ट करतात, म्हणून नक्कल विभागात अर्ज आताच करावा. अपिलात निर्दोष सुटका झाली असेल तर त्या निकालाची प्रत संबंधित पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्यावी, आणि काही दिवसांनी चारित्र्य पडताळणीचा दाखला काढून त्यात जुनी नोंद तशीच राहिली आहे का, ते पाहावे.